तिसऱ्या बटणापर्यंत

ग्लेन सोवर्बी त्या दुकानात शिरला आणि पहिल्या पावलालाच त्याला परत फिरावंसं वाटलं. तिन्ही भिंतींवर नुसते सुटे भाग टांगलेले. पाट, चिमटे, हॅन्डलं, चाकं, बोल्ट. अख्खी स्कूटर एकही नाही. स्कूटर म्हणजे पेट्रोलवाली नव्हे. एक पाय पाटावर ठेवायचा, दुसऱ्यानं ढकलायचं आणि सिमेंटच्या उतारावरून हवेत उडी घ्यायची, ती. इंग्लंडातल्या ग्रिम्सबीतल्या कितीतरी पोरांचे दात या स्कूटरनं पाडलेत, आणि तरी आया पुढच्या वाढदिवसाला नवी घेऊन देतातच.

ग्लेनला वाटलं होतं, जायचं, बोट दाखवायचं, खोकं उचलायचं आणि बाहेर पडायचं. हल्ली त्याला बोलणं नको असायचं. वाक्य सुरू केलं की ते संपवायचं ओझं होई.

"काय हवंय, राजा?" गल्ल्यामागची बाई म्हणाली. तिचं नाव टॅश. एके काळी स्वतः उड्या मारायची, आता डावा घोटा धड वळत नव्हता. समोरच्याला राजा म्हटल्याशिवाय तिला बोलताच यायचं नाही, मग तो पोस्टमन असो नाहीतर हप्ता मागायला आलेला बँकेचा माणूस.

"स्कूटर. मुलासाठी. शनिवारी वाढदिवस आहे."

"कितवा?"

"चौदावा."

"खरंच चालवतो, की नुसता चिप्स आणायला जातो?"

"चालवतो. समुद्राकाठच्या स्केट पार्कात."

"मग बनवूच. तयार माल सुपरमार्केटात. इथं एकेक भाग निवडायचा, मी जोडून देते. काळजी करू नकोस, सोपं आहे. मी विचारते, तू सांग."

सोपं आहे म्हणे.

आता ग्लेनचं काय झालं होतं ते सांगायला हवं, आणि तिथंच पंचाईत आहे, कारण काहीच झालं नव्हतं. लोकांना कारण लागतं. दारू होती का? बाहेर कुणी बाई होती का? नोकरी गेली का? यातलं काही असतं तर शेजाऱ्यांनी त्याला मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या. तो बंदरावरच्या शीतगृहात गोठलेल्या हॅडक माशांच्या पेट्या रचायचा, घरी यायचा, बायको-मुलाबरोबर जेवायचा. एका संध्याकाळी त्यानं घरासमोर गाडी लावली आणि उतरलाच नाही. लिंडसीनं, त्याच्या बायकोनं, बराच वेळ वाट पाहून खिडकीतून चहाचा मग आत दिला. त्यानं घेतला, आभार मानले, आणि बसून राहिला. शीतगृहातून बाहेर पडून हातमोजे काढले की बोटं आपलीच आहेत हे दिसतं, पण टोचलं तरी लागत नाही. त्याचं सगळंच तसं होऊन बसलं होतं.

"थोडे दिवस बेव्हकडे राहून बघ," लिंडसी शेवटी म्हणाली. बेव्ह म्हणजे त्याची बहीण. तो तिच्या मागच्या खोलीत गेला आणि दोन हिवाळे तिथंच राहिला. सुरुवातीला रविवारी घरी जायचा. त्याचा मुलगा जोएल त्याला फोनवर आपल्या उड्या दाखवायचा आणि ग्लेन म्हणायचा, "छान." पुढची उडी दाखवली की पुन्हा "छान." एका रविवारी जोएलनं फोन खिशातून काढलाच नाही. त्यानंतर ग्लेनचं जाणं हळूहळू बंद पडलं. कुणी भांडलं नाही, कुणी दार लावून घेतलं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं बेव्ह म्हणायची.

आता डॉक्टरनं गोळ्या बदलल्या होत्या. तो पुन्हा कामावर जात होता, दाढी करत होता, भांडी घासत होता. आणि मागच्या आठवड्यात लिंडसीचा निरोप आला: शनिवारी जोएलचा वाढदिवस, पार्कात ये. आणि खाली एक ओळ: "तो म्हणतोय, एकदा बघू."

एकदा बघू. ग्लेनला त्याचा अर्थ नीट कळला होता. यावेळीही तो ओंडक्यासारखा उभा राहिला तर पोरगा पुन्हा बोलावणार नव्हता, आणि त्यात पोराची काही चूक नसती.

"रिकाम्या हातानं गेलास तर मी तुला घरात घेणार नाही," बेव्हनं दम दिला. "त्याच्या स्कूटरच्या पाटाला तडा गेलाय, लिंडसी फोनवर सांगत होती. नवी घेऊन जा. चांगली. आणि केस काप."

म्हणून तो केस कापून या दुकानात उभा होता.

"कठड्यांवरून घसरतो की हवेत जातो?" टॅशनं विचारलं.

"पार्कात जातो."

"पार्कात सगळेच जातात, राजा. कठड्यावर घासणाऱ्याला रुंद, चौकोनी, जडसा पाट लागतो. हवेत पाट गरगरा फिरवणाऱ्याला अरुंद आणि हलका. तुझा कुठला?"

ग्लेननं फोनवरच्या त्या उड्या आठवायचा प्रयत्न केला. त्याला फोनचा तडकलेला कोपरा आठवला, जोएलचा अंगठा आठवला. उडी एकही आठवेना. "हवेतला," तो म्हणाला.

टॅशनं अरुंद पाट काढून काउंटरवर ठेवला. "बुटाचा नंबर? पाय पाटाबाहेर लोंबायला नको."

"चार." मग, "पाच."

"चार की पाच?"

"पाच."

"चाकं मऊ की कडक?"

"मधली."

"मधली!" टॅश खो खो हसली. "पोरगा तुझाच ना नक्की? की रस्त्यातून कुणाचा उचललास?"

ग्लेनही हसला. त्याचं हसू हल्ली जरा उशिरा यायचं, तसं आलं. तिच्या मनात काही नव्हतं, दिवसभर बापांची अशीच टिंगल करायची तिला सवय होती. त्याला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. वाईट वाटायला हवं होतं एवढं मात्र कळलं.

"ढकलतो कुठल्या पायानं?"

"डाव्या." हे इतकं पटकन आलं की टॅशनं मान वर केली. "डाव्याच. डाव्या बुटाचा तळ महिन्याभरात जायचा आणि उजवा नवाच्या नवा. त्याची आई म्हणायची, एकेक बूट विकणारं दुकान शोध कुठंतरी."

"वा! पण याचा भागांशी काही संबंध नाही बरं का. मी आपलं सवयीनं विचारते."

ग्लेननं मान हलवली. त्याला आलेलं एकमेव उत्तर बिनकामाचं निघालं होतं.

हॅन्डलच्या मुठी त्यानं नारिंगी घेतल्या, कारण जोएलचं जॅकेट नारिंगी होतं आणि ते धुवायला टाकायचं म्हटलं तरी पोरगा रडायचा. चिमटा टॅशनंच निवडला. मग ग्लेन आपणहून म्हणाला, "खडखडायला नको. त्याला खडखड चालत नाही."

"कुणालाच चालत नाही. खडखडणारी स्कूटर म्हणजे पार्कात इज्जतीचा फालुदा. पोरं हातभर उचलून आपटतात आणि कान देतात. एकच आवाज आला पाहिजे, ठप्प. पुढं काही वाजलं तर बोल्ट ढिला."

"मी आवळू?"

टॅशनं त्याच्याकडे पाहिलं आणि बोल्ट आवळायची ॲलन की पुढं केली. पूर्वी दर रविवारी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून तो जोएलची जुनी स्कूटर आवळायचा. ती इतकी भिकार होती की बुधवारपर्यंत पुन्हा खुळखुळायला लागायची, आणि जोएल ती घेऊन दारात उभा राहायचा, जणू काही आजारी कुत्रं आणलंय. ग्लेनच्या बोटांना ते सगळं लक्षात होतं. आधी वरचा बोल्ट, मग चिमट्याचे दोन आळीपाळीनं, थोडं इकडं, थोडं तिकडं. तेवढा वेळ त्याला बरं वाटलं. बरं म्हणजे फार काही नाही, पण बरं.

"आता हॅन्डलची उंची," टॅश म्हणाली. "हे शेवटचं आणि हेच खरं. हे मी तुझ्या सांगण्यावरून करत नाही. पोराला घेऊन ये. स्वतःचे बूट घालून पाटावर उभा राहील, कमरेच्या हाडापाशी मी पट्टी चिकटवीन, आणि त्या मापानं नळी खालून कापीन. इथं सगळ्यांचं तसंच होतं."

"त्याला सांगितलेलं नाही. तिथं जाऊन द्यायचीय."

"मग न कापता ने. नंतर आणा दोघं, कापून देते. हाय काय आणि नाय काय."

बघा, किती साधी वाट होती. हो म्हणायचं आणि निघायचं. पण ग्लेनला पार्कातली पोरं माहीत होती. हॅन्डल न कापलेली स्कूटर म्हणजे ज्याची आहे त्याला न आणता घेतलेली स्कूटर, हे तिथलं शेंबडं पोरही ओळखतं. जोएल छातीपर्यंत येणारं ते हॅन्डल धरून उभा राहणार आणि सगळ्यांना कळणार की याच्या बापाला याचं माप ठाऊक नाही. ते ग्लेनला नको होतं. त्याला फार थोड्या गोष्टी नको वाटत, त्यामुळं ही ठळक जाणवली.

त्यानं फोन काढला. लिंडसीचं नाव उघडलं. "जोएल आता किती उंच आहे?" असं लिहिलं. ते वाक्य त्यानं वाचून बघितलं. आपल्याच मुलाबद्दल असं कुणी विचारतं का? एकेक अक्षर त्यानं पुसून टाकलं.

"कापूनच द्या," तो म्हणाला.

"फोटो आहे?"

होता. नारिंगी जॅकेट, ओठ ताणून हसणारा, वर्गात सगळ्यात बुटका. टॅशनं बघितलं. "लहानखुरा आहे. हल्लीचाच ना?"

"हल्लीचाच."

खोटं बोलायला त्याला काही जड गेलं नाही. तेही एक बधिरपणाचं सुखच.

"मग आखूड हॅन्डलच घेऊ, उगाच मोठं नको. उंची बोल."

ग्लेनचा हात आपोआप वर गेला आणि शर्टाच्या तिसऱ्या बटणावर थांबला. कामावरून आला की जोएल धावत येऊन इथं डोकं खुपसायचा. मासळीचा वास येतो म्हणून ओरडायचा आणि तरी डोकं काढायचा नाही. बाजूला झाला की कपाळावर बटणाचा गोल ठसा उमटलेला असायचा, मधल्या चार भोकांसकट. "कपाळ इथं येतं," ग्लेन म्हणाला.

टॅशनं मनाशी हिशेब केला, नळीवर पट्टी चिकटवली. "शेवटचं विचारते, राजा. कापलेली नळी काही वाढत नाही."

"कापा."

कापायचं चाक किंचाळलं, ठिणग्या उडाल्या. नळीचा चार बोटं लांबीचा तुकडा फरशीवर पडून घरंगळला. टॅशनं त्याची कड घासली आणि त्याच्या हातात दिला. "हा त्याला दे. पोरं जपून ठेवतात." तुकडा अजून गरम होता. ग्लेननं तो खिशात टाकला.

शनिवारी शेजारच्या क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावर वारा सुटला होता. ओहोटीमुळं समुद्र पार लांब गेला होता आणि मागं नुसता चिखल चमकत होता. पार्कात पंधरावीस पोरं होती. लिंडसीची गाडी कडेला उभी होती. ती काच खाली करून आत बसली होती, उतरली नाही. तिनं हात वर केला, ग्लेननं केला. त्याच्या हातात स्कूटर होती, नारिंगी मुठींची, आणि डोळे पार्कात एक नारिंगी जॅकेट शोधत होते.

काळे कपडे घातलेला एक उंच पोरगा त्याच्या दिशेनं आला. ग्लेननं त्याला वाट दिली आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला.

"डॅड," तो पोरगा म्हणाला.

आवाज फुटलेला होता. ओठांवर कोवळी लव होती. डोळे जवळजवळ ग्लेनच्या डोळ्यांच्या रेषेत आले होते.

"मीच आहे," जोएल म्हणाला.

"हो," ग्लेन म्हणाला. "हो रे. ऊन डोळ्यावर येतंय." आभाळ गच्च भरलेलं होतं.

मग ग्लेननं स्कूटर पुढं केली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. जोएलनं ती घेतली. चाक फिरवून बघितलं, पाट उलटा करून बघितला. मग हातभर उचलली आणि सिमेंटवर आपटली.

ठप्प.

त्यानं पुन्हा आपटली. ठप्प. पुढं काही नाही.

"वाजत नाही," जोएल म्हणाला. चेहऱ्यावर एकदम तो जुना पोरगा येऊन गेला.

"मीच आवळलीय."

जोएल पाटावर चढला. त्याचा बूट पाटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला, आणि हॅन्डल त्याच्या मांडीशीच राहिलं. ते धरायला त्याला कमरेत वाकावं लागलं, म्हाताऱ्या बाया बाजाराची ढकलगाडी धरतात तसं. रॅम्पच्या टोकावर बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "जोएल, बाळाची गाडी कुणाची आणलीस?" बाकीचे फिदीफिदी हसले.

"गप बस रे, टकल्या," जोएल ओरडला. कानापर्यंत लाल झाला होता. तो खाली उतरला, मुठींवरून हात फिरवला आणि वडिलांकडे न बघता म्हणाला, "छान आहे. थँक्यू."

तो "छान" ग्लेननं ओळखला. तो त्याचाच होता. त्यानं स्वतःच घरच्या सोफ्यावर बसून, फोनकडे बघत, रविवारमागून रविवार तो वापरला होता. सभ्य, सपाट, दार लोटून घेणारा. आता पोरगा पुढं काय करणार तेही त्याला ठाऊक होतं. अर्धा तास उभा राहील, केक खाईल, आईच्या गाडीत बसेल, आणि एकदा बघितलं ते पुरे झालं असं म्हणेल.

"छान नाहीये," ग्लेन म्हणाला.

जोएलनं वर बघितलं.

"छान नाहीये. चुकलंय. तुझं माप मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली." त्यानं खिशातून तो तुकडा काढला. "न कापता ने म्हणाली होती दुकानातली बाई. मीच म्हटलं काप."

जोएलनं तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला, मग पुन्हा पाटावर चढून तो हॅन्डलच्या मुठीवर उभा धरला. तरीसुद्धा कमरेचं हाड वरच राहिलं. त्यानं बापाला ते दाखवलं. न कापलेलं असतं तरी पुरलं नसतं. ग्लेन बघत राहिला. गाडीच्या दाराचा आवाज झाला. लिंडसी उतरून उभी राहिली होती, पण जवळ आली नाही.

"किती सांगितलंस तिला?" जोएलनं विचारलं.

"काय?"

"उंची. मी कुठपर्यंत येतो म्हणून सांगितलंस?"

ग्लेननं जॅकेटची चेन खाली ओढली. आत तोच शर्ट होता. त्यानं तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं.

जोएल त्या बटणाकडे बघत राहिला. मग स्कूटर आडवी टाकून तो दोन पावलं पुढं आला, गुडघ्यात वाकला, आणखी वाकला, आणि कपाळ बरोबर त्या बटणावर टेकवलं.

"इथं?" त्याचा आवाज शर्टातून आला.

"तिथंच."

रॅम्पवरची पोरं हसायची थांबली की हसतच राहिली, ते ग्लेनला कळलं नाही. पोराच्या केसांना काहीतरी लावल्याचा, त्याला अनोळखी असा वास होता. हातांचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते पोराच्या डोक्यावर ठेवले. जोएलनं डोकं काढलं नाही. उलट जोरात खुपसलं, इतकं जोरात की ग्लेनला पाय रोवावे लागले.

"मासळीचा वास येतोय," जोएल म्हणाला.

"धुतलाय रे शर्ट."

"तरी येतोय." मग थोड्या वेळानं, "डॅड, पाय भरून आले."

"मग ऊठ की."

तो उठला. उठतच गेला, थेट बापाच्या कपाळापर्यंत. बाही डोळ्यांवरून फिरवली आणि वाऱ्याला एक शिवी हासडली. कपाळावर गोल ठसा होता, चार भोकांसकट.

"ते दुकान आज उघडं असेल?" त्यानं विचारलं.

"असेल."

"मग चल. मला उभं करून मोजायला सांग तिला. आणि त्या नारिंगी मुठी…"

"बदलू."

"राहू देत," जोएल म्हणाला, आणि आईला हाक मारायला गाडीकडे पळाला.

ग्लेननं स्कूटर उचलली. बटण रुतलं होतं तिथं छातीत दुखत होतं, चांगलंच दुखत होतं. तो ती जागा न चोळता तसाच त्यांच्या मागून चालू लागला.